तबकडीवरील चित्रमुद्रणाचे जतन आणि रूपांतर

आपल्या प्राथमिक शाळांच्या कपाटांतून हजेरीपट, नकाशे व प्रयोगसाहित्य यांच्या जोडीला एक वस्तू गेल्या वीस-पंचवीस वर्षांत साचत आली आहे. ती म्हणजे डीव्हीडी. स्नेहसंमेलनाचे चित्रमुद्रण गावातील छायाचित्रकाराने तबकडीवर उतरवून दिले. सेवानिवृत्त होणाऱ्या गुरुजींच्या निरोपसमारंभाची तबकडी झाली. शैक्षणिक कार्यक्रमांच्या तबकड्या कोणी देणगी म्हणून दिल्या. त्या वेळी शाळेत वाजवण्याचे यंत्रही होते. आज बहुतेक ठिकाणी ते यंत्र बंद पडले आहे, नव्या संगणकास तबकडीचा कप्पाच नाही, आणि मुलांच्या घरी तर केवळ मोबाइल आहे. परिणामी तबकडी आहे, तिच्यावरील मजकूरही बहुधा शाबूत आहे, परंतु तो पाहण्याची सोय मात्र उरलेली नाही.

हा मजकूर तबकडीवरून काढून फाइलच्या रूपाने संगणकात कसा घ्यावा, व तेथून दूरचित्रवाणी संच, मोबाइल, प्रक्षेपक अशा निरनिराळ्या साधनांवर चालेल असा कसा करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. ज्या शिक्षकास संगणकावर पत्र लिहिता येते व पेनड्राइव्हवर फाइल उतरवता येते, त्यास हे काम निश्चित साधेल.

हे काम आताच का करावयाचे?

तबकडी अविनाशी असते असा एक समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. कारखान्यात छापलेली तबकडी आणि छायाचित्रकाराने आपल्या संगणकावर भरलेली तबकडी ह्या दिसावयास सारख्या असल्या, तरी त्यांची घडण भिन्न असते. पहिलीत धातूच्या पातळ थराखाली सूक्ष्म खळगे ठशाने उमटवलेले असतात. दुसरीत मात्र एका रंगद्रव्याचा थर असतो व यंत्रातील किरणाने तो ठिकठिकाणी बदलून त्यावर मजकूर नोंदलेला असतो. हे रंगद्रव्य ऊन, उष्णता व दमटपणा यांनी हळूहळू बिघडते. पत्र्याच्या छपराखालील कपाटात, खिडकीजवळ ठेवलेली तबकडी काही वर्षांतच वाचता येईनाशी होऊ शकते. कोरड्या, थंड व अंधाऱ्या जागी ठेवलेली वीस वर्षांनंतरही चालते. आपल्या शाळांतील मोलाच्या तबकड्या जवळजवळ सर्व ह्या दुसऱ्या प्रकारच्या आहेत, हे ध्यानात घ्यावे.

बाजारात मिळणाऱ्या चित्रपटाची तबकडी बिघडली तर दुसरी प्रत कोठे तरी सापडेल. परंतु आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवात गावातील ऐंशी वर्षांच्या माजी विद्यार्थ्याने सांगितलेल्या आठवणी, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावठाणातील शाळेचे चित्रण, किंवा आता हयात नसलेल्या बाईंनी पहिलीच्या वर्गास शिकवलेले बडबडगीत, यांची दुसरी प्रत जगात कोठेही नाही. एका तालुक्यातील शाळेने शतकमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या जुन्या तबकड्या काढल्या, तेव्हा अकरांपैकी दोन अजिबात वाचता आल्या नाहीत. त्यांतील एकीवर शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापिकांचे भाषण होते. बाई तत्पूर्वीच निवर्तल्या होत्या. उरलेल्या नऊ तबकड्या वाचल्या, याचे समाधान मानावयाचे की ते एक भाषण गेले याचे दुःख, हे तेथील शिक्षकांस ठरवता येईना.

मोठ्या प्रमाणावरही हाच अनुभव आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा १९१३ सालचा चित्रपट आज आपणांस संपूर्ण पहावयास मिळत नाही. त्याचे काही भागच शिल्लक राहिले. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले नसते, तर कदाचित तेवढेही हाती लागले नसते. जतनाच्या सोयी असूनही धोका संपत नाही. २००३ सालच्या जानेवारीत पुण्यातील जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील कोठारास आग लागून नायट्रेट फिल्मवरील अनेक जुने चित्रपट नष्ट झाले. एकाच जागी असलेली एकच प्रत ही केव्हाही धोक्यात असते, हा त्यातील धडा आहे.

याच्या उलट उदाहरणही पुण्याचेच आहे. हेमा राईरकर व गी पॉइटविन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील पुष्कळ ओव्या बायांच्या आवाजात मुद्रितही केल्या. हे मुद्रण त्या काळच्या फितींवर होते. ते पुढे डिजिटल रूपात आणले गेले, म्हणूनच २०१७ सालापासून 'परी' ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहात ते कोणासही मोबाइलवर ऐकता येऊ लागले. फीत पेटीत राहिली असती तर जाते थांबले त्याबरोबर ओवीही थांबली असती.

तबकडीवर नेमके काय असते?

डीव्हीडीचा व्यास १२ सेंटिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर असते. एकेरी थराच्या तबकडीवर ४.७ जीबी व दुहेरी थराच्या तबकडीवर ८.५ जीबी मजकूर मावतो. संगणक कधी कधी ४.७ ऐवजी ४.३८ असा आकडा दाखवतो. यावरून तबकडी अपुरी भरली असे समजू नये. मोजण्याच्या दोन पद्धतींतील तो फरक आहे.

तबकडी संगणकात घालून उघडली असता 'व्हिडिओ टीएस' नावाचे दप्तर दिसते. त्यात तीन प्रकारच्या फाइली असतात. 'व्हीओबी' ह्या मोठ्या फाइलींत चित्र व ध्वनी साठवलेला असतो. 'आयएफओ' ह्या लहान फाइली म्हणजे पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारख्या असतात. कोणता भाग कोठे सुरू होतो, हे त्या सांगतात. 'बीयूपी' ही त्याच अनुक्रमणिकेची राखीव नक्कल होय. एक व्हीओबी फाइल १ जीबीहून मोठी होऊ द्यावयाची नाही असा नियम असल्यामुळे दोन तासांचा कार्यक्रम चार-पाच तुकड्यांत विभागलेला आढळतो. पुष्कळ जण यांतील पहिलाच तुकडा पेनड्राइव्हवर उतरवतात व कार्यक्रम अर्धवट का दिसतो म्हणून बुचकळ्यात पडतात. याकरिता संपूर्ण दप्तरच उतरवून घ्यावे.

याहून जुनी व्हीसीडी असेल तर तिच्यात 'एमपीईजी एव्ही' नावाचे दप्तर व त्यात 'डॅट' फाइल सापडते. तिचे चित्र डीव्हीडीच्या मानाने पुष्कळच अस्पष्ट असते. ते रूपांतराने सुधारत नाही.

पाटी आणि माल

फाइलींच्या प्रकारांसंबंधी नवख्या माणसाचा जो गोंधळ होतो, तो एका साध्या दृष्टान्ताने दूर होईल. पुण्याच्या मंडईत बाहेरगावचा भाजीपाला येतो. मेथी, वांगी, टोमॅटो हा झाला माल. आणि तो ज्यात भरला आहे ती पाटी, करंडी अथवा पोते ही झाली भरणी. एकाच प्रकारच्या करंडीत निरनिराळा माल असू शकतो, आणि तोच माल पोत्यातूनही येऊ शकतो. गाळेवाल्यास करंडी उचलता आली म्हणजे आतील माल त्याच्याकडे खपेलच असे नाही.

फाइलीचेही असेच आहे. फाइलीच्या नावाच्या शेवटी असणारे 'एमपी-फोर', 'एमकेव्ही', 'एव्हीआय' हे शब्द करंडीचे नाव सांगतात. आत चित्र कोणत्या रीतीने दाबून भरले आहे ती रीत वेगळी असते. डीव्हीडीवर ती 'एमपीईजी-टू' असते. आज सर्वांत सार्वत्रिक रीत 'एच २६४' ही आहे, व तिच्याहून नवी 'एच २६५' ही. शाळेच्या दूरचित्रवाणी संचावर 'फाइल चालत नाही' असा संदेश आला, तर करंडी ओळखीची असूनही माल अनोळखी असण्याचा संभव असतो. म्हणून सर्वसाधारण नियम असा सांगता येईल की, एमपी-फोरच्या करंडीत एच २६४ रीतीचे चित्र व 'एएसी' रीतीचा ध्वनी भरावा. ही जोडी आजच्या जवळजवळ प्रत्येक साधनावर चालते. एच २६५ रीतीने फाइल आणखी लहान होते हे खरे. पण जुन्या संचांस ती उलगडत नाही, म्हणून शाळेच्या कामी तूर्त तिचा आग्रह धरू नये.

साहित्य

या कामास चार वस्तू लागतात : एक संगणक, त्यास यूएसबी तारेने जोडावयाचा बाहेरील डीव्हीडी ड्राइव्ह, एक बाह्य हार्ड डिस्क, आणि दोन सॉफ्टवेअर. 'व्हीएलसी' हे पाहण्यासाठी व 'हँडब्रेक' हे रूपांतरासाठी. ही दोन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत व त्यांच्या मूळ संकेतस्थळांवरूनच घ्यावीत. अन्यत्र त्याच नावाने मिळणाऱ्या फाइलींबरोबर नको ते संगणकात शिरते.

बाहेरील ड्राइव्ह प्रत्येक शाळेने घेण्याचे मुळीच कारण नाही. केंद्रातील दहा-बारा शाळांनी मिळून एक घ्यावा व आळीपाळीने वापरावा. पुण्यास येणे झाल्यास मंडईपासून पायी जाण्याच्या अंतरावर, बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत अशा विद्युत्-साहित्याची दुकाने ओळीने आहेत. सप्टेंबर २०२४ पासून मंडईस भुयारी मेट्रोचे स्थानकही झाले असल्याने तेथे पोहोचणे सुलभ आहे. खरेदी करताना दुकानातच ड्राइव्ह संगणकास जोडून, आपल्याजवळील एक तबकडी वाजवून पाहावी व पक्की पावती घ्यावी.

मंडईचा उल्लेख आलाच आहे, तर शिक्षकांनी एक गोष्ट स्मरणात ठेवण्याजोगी आहे. आज 'महात्मा फुले मंडई' म्हणून ओळखली जाणारी ही इमारत १८८६ साली 'रे मार्केट' ह्या नावाने सुरू झाली. जोतीराव फुले हे १८७६ ते १८८३ ह्या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर मोठा खर्च करण्यास त्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे लावावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच इमारतीस त्यांचे नाव लाभले. थोड्या पैशात शिक्षणाचे पुष्कळ काम कसे होईल, हा विचार तेथे खरेदीस जाणाऱ्या शिक्षकाने सोबत न्यावा हे उचितच होय.

कामाचा क्रम

(१) नोंद. प्रथम सर्व तबकड्या एकत्र करून एका वहीत क्रमांक, विषय, अंदाजे वर्ष, कोणी चित्रण केले व सध्याची स्थिती यांची नोंद करावी. तबकडीवर चिकटपट्टी लावू नये. तिचा तोल जातो व यंत्रात ती सुटून अडकण्याचे भय असते. क्रमांक पाकिटावर लिहावा.

(२) अग्रक्रम. ज्यांची दुसरी प्रत कोठेही नाही, त्या तबकड्या आधी घ्याव्यात. विकत मिळालेल्या शैक्षणिक तबकड्या सर्वांत शेवटी.

(३) स्वच्छता. धूळ व बोटांचे डाग मऊ सुती कापडाने पुसावेत. पुसताना हात मध्यापासून काठाकडे सरळ न्यावा; गोल फिरवू नये. कारण मजकूर गोलाकार मार्गाने नोंदलेला असतो व त्या दिशेने पडलेला ओरखडा यंत्रास ओलांडता येत नाही. आडवा ओरखडा पुष्कळदा चुकवता येतो.

(४) नक्कल. तबकडीवरून थेट रूपांतर करू नये. आधी संपूर्ण 'व्हिडिओ टीएस' दप्तर हार्ड डिस्कवर उतरवावे. यास साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. खराब तबकडी पुनःपुन्हा वाचावयास लावली तर तिची हानी वाढते. एकदा नक्कल हाती आली म्हणजे पुढील सर्व प्रयोग नकलेवर करता येतात. मध्येच वाचन थांबले तर तबकडी काढून, पुसून, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. एका यंत्रास न वाचता येणारी तबकडी दुसऱ्यास वाचता येते, असा अनुभव वारंवार येतो. ह्यानेही काम न झाल्यास संगणक जाणणाऱ्या माणसाकडून 'डीडी-रेस्क्यू' ह्या सॉफ्टवेअरने प्रयत्न करवावा. ते वाचता येणारा भाग आधी घेऊन अवघड भागाकडे मागाहून वळते.

हातातील चित्रण-यंत्राच्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या तबकड्यांविषयी दोन सूचना आवश्यक आहेत. तबकडी फटीतून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती घालू नये, ती अडकते. आणि ती कोरी दिसली तर टाकून देऊ नये. चित्रण संपल्यावर तिचे 'फायनलाइझ' करणे राहून गेले असेल, तर मूळ चित्रण-यंत्रावर ते करता येते व मग मजकूर दिसू लागतो.

(५) तपासणी. उतरवलेली नक्कल व्हीएलसीमध्ये सुरुवातीस, मध्यावर व शेवटी पाहावी. नुसते दप्तर उतरले म्हणून काम झाले असे समजू नये.

(६) रूपांतर. हँडब्रेकमध्ये ते दप्तर उघडावे. तबकडीतील भागांची यादी समोर येते. सर्वांत लांब भाग हा बहुधा मुख्य कार्यक्रम असतो. तयार नमुन्यांपैकी 'फास्ट ५७६पी२५' हा निवडावा. भारतातील डीव्हीडीचे चित्र रुंदीत ७२० व उंचीत ५७६ बिंदूंचे असून एका सेकंदास २५ चित्रे असतात, त्यास हा नमुना जुळतो. दर्जाचा आकडा २० च्या आसपास ठेवावा. ह्या पट्टीवर आकडा लहान तितका दर्जा चांगला व फाइल मोठी, हे उलटे गणित विसरू नये.

रूपांतरात होणारे तीन दोष

पहिला दोष म्हणजे कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा. जुन्या पद्धतीत प्रत्येक चित्राच्या विषम ओळी व सम ओळी एकामागून एक घेतल्या जात. लेझीम खेळणाऱ्या मुलांचे हात ह्या दोन क्षणांत जरा पुढे सरकलेले असतात. दोन्ही एकत्र दाखवल्या की हातांच्या कडांस दाते दिसतात. हँडब्रेकमधील 'डिकॉम' ही सोय चालू ठेवल्यास हा दोष जातो.

दुसरा दोष म्हणजे माणसे अकारण लांबट अथवा बसकी दिसणे. डीव्हीडीतील बिंदू चौरस नसतात. तेच ७२० बिंदू कधी ४:३ तर कधी १६:९ ह्या प्रमाणात पसरून दाखवावयाचे असतात. रुंदी-उंचीचे आकडे हाताने बदलू नयेत. पडताळा पाहावयाचा झाल्यास चित्रातील एखादे घड्याळ किंवा गाडीचे चाक गोल दिसते की नाही, ते पाहावे.

तिसरा दोष आपणच ओढवून घेतो. चित्र मोठे व्हावे म्हणून ५७६ ओळींचे चित्र १०८० ओळींचे करण्याचा मोह होतो. पातळ ताकात आणखी पाणी घातल्याने ताक वाढत नाही, तसेच येथे आहे. फाइल मात्र फुगते. मूळ मापच कायम ठेवावे.

कोणत्या साधनास काय?

मोबाइल व टॅबलेट : वर सांगितलेली एमपी-फोर फाइल चालते. चित्राचा वेग सेकंदास दीड मेगाबिट धरला तर एका तासाची फाइल सुमारे ६७५ एमबी होते. (१.५ गुणिले ३६०० भागिले ८. वरच्या वर्गातील मुलांस हे उदाहरण अवश्य घालावे.) पालकांस पाठवताना सबंध कार्यक्रम न पाठवता पाच-दहा मिनिटांचे वेगळे भाग करून पाठवावेत. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठवलेले चित्र पुन्हा दाबले जाऊन अस्पष्ट होते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवल्यास तसेच राहते.

दूरचित्रवाणी संच व वर्गातील पडदा : फाइल पेनड्राइव्हवर घालून लावता येते. पुष्कळ जुन्या संचांस 'फॅट-३२' पद्धतीने आखलेला पेनड्राइव्हच कळतो व त्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. आपल्या फाइली बहुधा त्याहून लहानच राहतात. दोन तासांचा कार्यक्रमही वरील हिशेबाने १.३५ जीबीत मावतो.

प्रक्षेपक : तो संगणकास जोडलेला असेल तर व्हीएलसी कोणतीही फाइल चालवते. स्वतंत्र चालणाऱ्या लहान प्रक्षेपकास एमपी-फोरच द्यावी.

यूएसबीचे तोंड असलेले जुने डीव्हीडी यंत्र : यास एच २६४ बहुधा समजत नाही. ते चालू असेतोवर मूळ तबकडीची नवी प्रत त्यावर वाजवावी. त्याच्यासाठी निराळा खटाटोप नको.

ध्वनिक्षेपक : हा उपयोग सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. समूहगीते, कवितांच्या चाली व पाढे यांचा केवळ ध्वनी वेगळा काढून 'एमपी-थ्री' करावा. व्हीएलसीमध्येही ते करता येते. परिपाठाच्या वेळी चित्राची जरुरी नसते, आणि वीज नसता मोबाइलवरूनही तो ऐकवता येतो.

नाव आणि प्रती

'नवी फाइल दोन', 'संमेलन शेवटचे' अशा नावांनी पुढील शिक्षकास काही बोध होत नाही. नावात प्रथम वर्ष, मग महिना, मग प्रसंग व शेवटी भागाचा क्रमांक घालावा. वर्ष आरंभी असले म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. फाइलीचे नाव रोमन लिपीत ठेवावे, कारण काही जुन्या संचांवर देवनागरी नावाच्या जागी नुसत्या चौकटी दिसतात. सविस्तर मराठी माहिती, म्हणजे चित्रात कोण आहे, कोण बोलत आहे, गीत कोणी बसवले, ही नोंदवहीत व त्याच दप्तरातील एका लेखी फाइलीत असावी. चेहरे ओळखणारी माणसे गावात आहेत तोवरच ही नोंद होऊ शकते, म्हणून रूपांतरापेक्षाही हे काम अधिक निकडीचे आहे. संध्याकाळी गावातील वडीलधाऱ्या मंडळींस बोलावून चित्रण दाखवावे व ती जी नावे सांगतील ती लिहून घ्यावीत. मुलांसाठी तो परिसर अभ्यासाचा उत्तम पाठही होतो.

प्रती किती असाव्यात? किमान तीन : एक शाळेच्या संगणकावर, एक बाह्य हार्ड डिस्कवर, आणि एक शाळेबाहेर, उदाहरणार्थ केंद्रशाळेत किंवा शाळेच्या खात्यावरील ऑनलाइन साठ्यात. नुसत्या पेनड्राइव्हवर विसंबू नये. तो ने-आणीचे साधन आहे, कोठार नव्हे. चाळीस तबकड्या पूर्ण भरलेल्या धरल्या तरी त्यांच्या मूळ नकला १८८ जीबी होतात. ५०० जीबीच्या डिस्कवर त्या व रूपांतरित फाइली दोन्ही आरामात राहतात. म्हणून रूपांतर झाल्यावर मूळ नक्कल पुसू नये. उद्या याहून चांगली रीत आली तर पुन्हा त्या मूळ नकलेपासूनच आरंभ करता येईल. तबकड्याही टाकू नयेत; पाकिटात घालून, उभ्या, अंधाऱ्या कपाटात ठेवाव्यात. वर्षातून एकदा, सत्रारंभी, प्रत्येक प्रतीतील दोन-चार फाइली चालवून पाहाव्यात व तारीख नोंदवहीत लिहावी.

हक्क आणि मर्यादा

शाळेने स्वतः करवलेले चित्रण व विकत घेतलेला चित्रपट यांत भेद आहे. लेखाधिकार अधिनियम, १९५७ यातील कलम ५२ अन्वये शिक्षक अथवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली प्रत, तसेच शाळेच्या उपक्रमात शिक्षक, विद्यार्थी व पालक यांच्यापुरते केलेले प्रदर्शन यांस सवलत आहे. परंतु तबकडीवरील कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडणे हा, २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ प्रमाणे, अपराध असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड सांगितला आहे. बाजारातील बहुतेक चित्रपटांच्या तबकड्यांस असे कुलूप असते व हँडब्रेक ते उघडत नाही. त्यामागे लागू नये. चित्रपटावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. जुना चित्रपट दाखवावयाचा असेल तर अधिकृत मार्गाने उपलब्ध आहे काय, ते प्रथम पाहावे.

शैक्षणिक चित्रफितींविषयी एक विशेष. १९८४ साली पुण्यात स्थापन झालेल्या 'बालचित्रवाणी'ने मराठी शाळांसाठी अनेक कार्यक्रम तयार केले व ते दूरदर्शनवरून दाखवले गेले. ही संस्था २०१७ साली बंद झाली. अशा कार्यक्रमांचे मुद्रण एखाद्या शाळेपाशी असेल, तर ते निरुपयोगी समजून काढून टाकू नये. वर सांगितल्याप्रमाणे नोंद करून जपावे व वर्गापुरते वापरावे.

शेवटी मुलांविषयी. दहा वर्षांपूर्वीच्या संमेलनात नाचणारी मुलगी आज महाविद्यालयात असेल. तिचे चित्रण शाळेत दाखवणे वेगळे आणि सर्व जगास खुले करणे वेगळे. पालकांची, व मूल मोठे झाले असल्यास त्याची स्वतःची, लेखी संमती असल्याखेरीज कोणतेही चित्रण सार्वजनिक माध्यमांवर ठेवू नये.

उपसंहार

हे काम एका बैठकीत उरकणारे नाही, व उरकण्याची आवश्यकताही नाही. महिन्यास चार तबकड्या घेतल्या तरी एका शैक्षणिक वर्षात चाळीस होतात, आणि बहुतेक शाळांपाशी त्याहून अधिक तबकड्या नसतात. शाळेत दोन शिक्षक असतील तर एकाने नक्कल व तपासणी पाहावी, दुसऱ्याने नोंद व नावे. सातवी-आठवीतील मुलांस सोबत घेतल्यास ती हे काम आपणांहून लवकर शिकतील.

येत्या केंद्र परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपल्या तबकड्यांची यादी आणावी, आणि त्यांतील ज्या एका तबकडीची दुसरी प्रत कोठेही नाही ती सोबत आणावी. केंद्रातील ड्राइव्हवर तिची नक्कल त्याच दिवशी घेता येईल.